पहिली रहस्यकादंबरी: आराखड्यापासून छापील प्रतीपर्यंत

रहस्यकादंबरी लिहिणाऱ्याला एक अडचण कायम सोबत घेऊन बसावं लागतं. खून कोणी केला हे त्याला पहिल्या पानापासून माहीत असतं. त्यामुळे आपलं रहस्य शेवटपर्यंत टिकतंय की तिसऱ्या प्रकरणातच फुटतंय, हे त्याचं त्याला कधीच कळू शकत नाही. ते सांगायला दुसरं माणूस लागतं, आणि तेही उत्तर ठाऊक नसलेलं. म्हणून या प्रकारात लिहिणं आणि माणसं जमवणं ही दोन कामं वेगळी ठेवता येत नाहीत. पहिली रहस्यकादंबरी लिहायला घेणाऱ्यांसाठी दोन्हींचा क्रम इथे लावून दिला आहे.

आधी दुसऱ्यांदा वाचा

बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि गावोगावच्या वाचनालयांतून त्या हातोहात फिरल्या. त्या परंपरेतल्या पुस्तकांमधून वेग शिकावा: प्रकरण कुठे तोडायचं, वर्णन किती आवरायचं. कोड्याची बांधणी मात्र नुसत्या वाचनाने हाती लागत नाही. त्यासाठी तुम्हाला आवडलेली एखादी रहस्यकादंबरी घ्या, पूर्ण वाचा, आठवडाभर बाजूला ठेवा आणि मग पेन्सिल घेऊन पुन्हा वाचा. आता खुनी माहीत आहे. जिथे जिथे लेखकाने खरा धागा दिला होता, तिथे खूण करा आणि त्या धाग्याच्या मागे-पुढे कोणती वाक्यं आहेत ते वहीत उतरवा. अशी दोन पुस्तकं झाली की लक्षात येईल, की धागा सहसा उघड्यावरच असतो. लेखकाने फक्त तुमची नजर शेजारच्या गोष्टीवर नेलेली असते.

शेवटाकडून सुरुवात

पहिलं प्रकरण लिहायच्या आधी खुन्याची हकिगत लिहून काढा. सलग, तारीखवार, कुठलीही लपवाछपवी न करता: त्याने कधी ठरवलं, काय केलं, कुठे घाबरला, काय पुसलं, काय पुसायचं राहिलं. ही आठ-दहा पानं वाचकाला कधीच दिसणार नाहीत. मग त्याच्या शेजारी दुसरा रकाना आखा आणि यातली कोणती गोष्ट वाचकाला कोणत्या प्रकरणात कळणार ते भरा. रहस्यकादंबरी म्हणजे या दोन रकान्यांमधलं अंतर.

एक उदाहरण घेऊ. कोल्हापूरजवळच्या एका गावात, ऐन हंगामात, गुऱ्हाळाचे मालक आप्पा सकाळी चुलवाणाशेजारी, म्हणजे रस शिजवायच्या भट्टीशेजारी, मरून पडलेले सापडतात. पुतण्या सांगतो, नेहमीचा गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, जत्रेला गेला होता, म्हणून रात्रभर मीच काहिलीवर, रसाच्या मोठ्या कढईवर, होतो, जागचा हललो नाही. एक आधण, म्हणजे काहिलीतली रसाची एक खेप, शिजून उतरायला साधारण तीन तास धरा. रात्री नऊ ते सकाळी सहा म्हणजे तीन आधणं व्हायला हवीत. पण गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, भरले आहेत दोनच आधणांचे. मधले तीन तास पुतण्या कुठे होता?

हा धागा मला आवडतो, कारण तो त्या जागेतूनच उगवला आहे. हीच कादंबरी लोअर परळच्या इमारतीत नेली तर तो मरून जाईल. तुमच्या कथेचं स्थळ असं निवडा, की तिथल्या कामाला स्वतःचं घड्याळ असेल: भरती-ओहोटी, दुधाचं संकलन, एसटीच्या मुक्कामी गाडीचा फेरा, शेतीपंपांच्या विजेची पाळी. पुराव्यासाठी खिशातून पडलेलं बटण शोधत बसावं लागत नाही. ज्या गावात तुम्ही वाढलात किंवा जो धंदा घरात पाहिलात, तिथे असं घड्याळ बहुधा सापडतंच.

धागे पेरणं

उत्तराकडे नेणारे किमान तीन धागे हवेत, आणि ते एकमेकांवर अवलंबून नसावेत. गुऱ्हाळाच्या गोष्टीत पहिला धागा रव्यांची संख्या. दुसरा, टाकीत न शिजता राहिलेला उसाचा रस. तो आंबतो आणि त्याचा वास येतो. तिसरा प्रेताचा, त्याबद्दल पुढे बोलू.

हे लपवायचे कसे? रव्यांची संख्या लेखकाने सांगितली की वाचक कान टवकारतो. म्हणून ती टेम्पोवाल्याच्या तोंडी, तक्रार म्हणून घाला: ‘आर्दी गाडी रिकामी घिऊन यार्डात जाऊ व्हय? डिझेलचं पैसं कोण देनार?’ आणि लगेच पुढच्या वाक्यात आप्पांची बायको पोलिसांवर ओरडू लागते. वाचक बाईंकडे वळतो. टेम्पोवाला त्याच्या लेखी पैशासाठी कुरकुरणारा एक माणूस एवढाच उरतो. आंबट वासाचं तसंच. गुऱ्हाळावर मळी, चिपाडं, धूर असे दहा वास असतात. त्यांच्या यादीत आंबट वास मधोमध ठेवा; यादीतलं पहिलं आणि शेवटचं लक्षात राहतं, मधलं निसटतं.

धागा भावनेच्या आड, कामाच्या आड किंवा गमतीच्या आड दडवता येतो. अजिबात न देता शेवटी काढून दाखवणं मात्र वाचकाशी केलेली फसवणूक आहे, आणि रहस्यकथेचे वाचक ती विसरत नाहीत. तपास करणाऱ्याला जे दिसलं ते वाचकालाही दिसलं पाहिजे. त्याचा अर्थ काय हे तेवढं त्याने मनात ठेवावं.

खोट्या वाटांबद्दल एकच सांगतो: संशयिताला लपवण्यासारखं खरोखर काहीतरी द्या. आप्पांचा भागीदार खोटं बोलतो, कारण तो गुळात साखर मिसळत होता. त्याचं खोटं उघडं पडतं तेव्हा खून सुटत नाही, पण माणूस कळतो. असं झालं की मधली दीडशे पानं भरताड वाटत नाहीत.

पोलीस, डॉक्टर आणि कलमं

या बाबतीत मराठी रहस्यलेखनात ढिलाई फार दिसते. दूरचित्रवाणीवरच्या मालिका पाहून लिहिलेला तपास एखाद्या हवालदाराने वाचला तर तो दुसऱ्या पानावर पुस्तक मिटेल. थोडा अभ्यास केला तर उलट कथानकालाच नवे पेच मिळतात.

गावात मृतदेह सापडला की पोलीस पाटील ठाण्याला कळवतो. खून आहे की नाही हे स्पष्ट नसेल तर आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते. पंचांसमक्ष मरणोत्तर पंचनामा, मग शवविच्छेदन. विषाची शंका असेल तर व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, राखून प्रयोगशाळेकडे पाठवतात. डॉक्टरांच्या अहवालातून घातपात दिसला तर खुनाचा गुन्हा दाखल होतो. म्हणजे तुमच्या कथेत काही काळ ‘खून’ हा शब्दच अधिकृतपणे कुठे नसेल. या मधल्या काळात पुरावा हलतो, माणसं गाव सोडतात, अंत्यविधीची घाई होते. एवढी सोय दुसरीकडे मिळणार नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. जुन्या दंड संहितेत खुनाच्या शिक्षेचं कलम ३०२ होतं, ते आता १०३ झालं. कथा त्या तारखेआधी घडत असेल तर जुनंच कलम ठेवा. नंतर घडत असेल तर एफआयआरमध्ये १०३ लिहा आणि चावडीवरच्या म्हाताऱ्याला खुशाल ‘तीनशेदोन’ म्हणू द्या, कारण तो तसंच म्हणणार. तपासाची रीत ठरवणाऱ्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण सांगितलं आहे. त्यामुळे इन्स्पेक्टरने एकट्याने कपाट उघडून चिठ्ठी खिशात घालण्याचा जुना प्रसंग आता जसाच्या तसा लिहिता येत नाही. लिहिलात तर ते चित्रीकरण का झालं नाही, हाच नवा प्रश्न कथेत उभा राहील.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून खुन्याकडून कबुली घेतली आणि फौजदाराने बेड्या घातल्या, की कादंबरी संपली असं नवे लेखक धरून चालतात. तो माणूस खटल्यात सुटू शकतो. कबुलीनंतर त्याने दाखवलेल्या जागेतून हत्यार निघालं तर तेवढा भाग उपयोगी पडतो, किंवा न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर रीतसर जबाब व्हावा लागतो. तपास करणाऱ्याला हे माहीत असतं. म्हणून त्याची खरी लढाई पुराव्याची असते, आणि तुमचा शेवटही पुराव्यावर उभा राहायला हवा. अटक झाली की प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत आरोपीला न्यायालयापुढे हजर करावं लागतं, हेही घड्याळ वापरा.

आता प्रेताचा धागा. मृत्यूनंतर शरीर थंड होत जातं आणि काही तासांत ताठर होऊ लागतं. उष्णतेत ताठरपणा लवकर येतो आणि लवकर उतरतो, पण शरीर थंड व्हायला मात्र उशीर लागतो. आप्पा रात्रभर धगधगत्या चुलवाणाशेजारी पडून होते. अंग कोमट म्हणून मृत्यू अलीकडचा वाटतो, ताठरपणा मात्र वेगळंच सांगतो. डॉक्टर गोंधळतात. हा गोंधळ सुटण्यासाठी कोणालातरी विचारावं लागतं, की चुलवाण कधी विझलं आणि कधी पुन्हा पेटलं. आणि तो प्रश्न थेट न उतरलेल्या आधणाकडे नेतो.

हुद्द्यांकडे लक्ष असू द्या. कोल्हापूर जिल्ह्यात पोलीस अधीक्षक असतात, पुण्या-मुंबईत आयुक्त. ग्रामीण भागात गंभीर गुन्ह्यात स्थानिक गुन्हे शाखा, लोकांच्या भाषेत एलसीबी, हजर होते आणि ठाण्यातल्या अधिकाऱ्यांशी तिची चुरस असू शकते. सहायक पोलीस निरीक्षक आणि फौजदार यांतला फरक कळत नसेल तर विचारून घ्या. आणि खासगी गुप्तहेर नायक असेल तर त्याला अटक करण्याचे, चौकशीला बोलावण्याचे पोलिसी अधिकार नाहीत, हे त्याच्या प्रत्येक हालचालीत दिसू द्या.

ही माहिती मिळवायची कुठून? खुनाचे खटले सत्र न्यायालयात चालतात आणि सर्वसाधारणपणे कोणालाही मागच्या बाकावर बसून सुनावणी ऐकता येते. उच्च न्यायालयाचे निकाल संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळतात. एका खुनाच्या अपिलाचा निकाल म्हणजे साक्षीदार कसा उलटतो, पंच कसा फुटतो याचा धडा असतो. निवृत्त फौजदार भेटले तर ‘तुमची सर्वांत मोठी केस सांगा’ असं विचारू नका. ‘पंच कुठून आणता?’, ‘रात्री दोनला फोन आला की आधी काय करता?’ असं विचारा.

पहिला खर्डा

दोनशे छापील पानांची कादंबरी म्हणजे ढोबळपणे पन्नास हजार शब्द. रोज चारशे शब्द लिहिले तर चार-पाच महिने. खर्डा पुरा होईपर्यंत मागे जाऊन दुरुस्ती करू नका; सुचलेला बदल दोन रकान्यांच्या तक्त्यात टिपा आणि पुढे चला. टंकन सुरुवातीपासून युनिकोडमध्ये करा. जुन्या फाँटमधला मजकूर दुसरीकडे उघडला की अक्षरांचा चिवडा होतो आणि संपादक तो लावत बसत नाही. पात्रांची बोली एकदा ठरली की शेवटपर्यंत तीच हवी. टेम्पोवाला पाचव्या प्रकरणात ‘घिऊन’ म्हणत असेल तर पंधराव्यात त्याला ‘घेऊन’ म्हणायला लावू नका. शुद्धलेखनासाठी चांगला लेखन-कोश टेबलावर असू द्या, पण त्याची चिंता दुसऱ्या खर्ड्याला.

वाचकगट

आता माणसांची गरज. मित्रमैत्रिणींना हस्तलिखित पाठवून ‘कसं वाटलं?’ विचारलं तर ‘छान आहे, लिहीत राहा’ असं उत्तर येईल. त्यात प्रेम असतं, माहिती नसते.

पाच-सहा जणांचा गट बांधा आणि त्यात चार प्रकारची माणसं असतील असं बघा: रहस्यकथांचा फडशा पाडणारं एक, पोलीस-कोर्ट-दवाखाना यांपैकी काही आतून माहीत असलेलं एक, ज्या मुलखात कथा घडते तिथलं एक आणि रहस्यकथा कधीच न वाचणारं एक. शेवटचं माणूस फार मोलाचं. त्याला कोडं सोडवण्यात रस नसतो, म्हणून पात्रं कुठे निर्जीव झाली ते तेच सांगतं.

अशी माणसं कुठे भेटतात? वाचनालयात. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून, मुंबईचं १८९८ पासून उभं आहे, आणि तालुक्याच्या गावीही सार्वजनिक वाचनालय असतं. देवघेवीच्या टेबलावरच्या ग्रंथपालाला विचारा, रहस्यकथा कोण नेतं? तो दोन-तीन नावं चटकन सांगेल, आणि त्यांच्याशी बोलणंही तोच घालून देईल. मुलूख आणि गट लांब असतील तर महिन्यातून एकदा पडद्यावर भेटा. परदेशातल्या मराठी मंडळांतही असे वाचक आहेत आणि मुळच्या गावाबद्दल ते फार चोखंदळ असतात.

हस्तलिखित देताना शेवटची उकल काढून घ्या. तिथपर्यंत वाचून झालं की प्रत्येकाने एकमेकांशी न बोलता कागदावर तीन गोष्टी लिहायच्या: खुनी कोण, संशय कोणत्या पानावर आला, कशामुळे आला. मग उकल द्या आणि चौथा प्रश्न विचारा: फसवलं गेल्यासारखं वाटलं का?

उत्तरं अशी वाचा. सगळ्यांनी पहिल्या तृतीयांशातच ओळखलं तर एखादा धागा फार उघडा आहे, आणि ‘कोणत्या पानावर’ या उत्तरात तो सापडेल. कोणीच ओळखलं नाही आणि सगळ्यांना फसवणूक वाटली तर धागे कमी पडले. दोघांना संशय आला होता पण खात्री नव्हती, आणि उकल वाचून बाकीचे मागची पानं चाळायला लागले, तर तुमची बांधणी जमली. सगळ्यांनी एकाच निरपराध माणसाकडे बोट दाखवलं, तर मात्र थांबून विचार करा. कदाचित तोच खुनी असायला हवा होता. असा बदल करायचा धीर दाखवणारे लेखक पुढे जातात, असं मी गटांमध्ये पाहिलं आहे.

दोन नियम कडकपणे पाळा. वाचक बोलत असताना लेखकाने समजावून सांगायचं नाही; ‘पुढे कळतं ते’ हे वाक्य गटात बंद. आणि एक वाचक एका रहस्यासाठी एकदाच उपयोगी असतो. उत्तर कळलं की तोही तुमच्यासारखाच आंधळा झाला. म्हणून सहाही जणांना पहिला खर्डा देऊन टाकू नका. तिघांना पहिला द्या, दुरुस्तीनंतर दोघांना दुसरा, आणि एक कोरा वाचक अगदी शेवटच्या प्रतीसाठी राखून ठेवा.

हे सगळं फुकट मिळत नाही. त्यांच्या कथा तुम्हीही तितक्याच बारकाईने वाचायच्या, वेळेवर, पानांचे आकडे देऊन. आणि गटात ऐकलेलं रहस्य गटाबाहेर न्यायचं नाही.

दिवाळी अंकाची वाट

१९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केलेली दिवाळी अंकांची परंपरा नव्या लेखकासाठी अजूनही सर्वांत मोकळं दार आहे. कादंबरीतल्याच तपास अधिकाऱ्याची तीन-चार हजार शब्दांची एखादी स्वतंत्र कथा लिहा. रहस्य, गूढ, विज्ञान यांना वाहिलेले अंक आहेत. आधी मागच्या वर्षीचा अंक वाचा, मग पाठवा. साहित्य साधारण उन्हाळ्यात मागवलं जातं, त्यामुळे गणपतीत कथा पाठवली तर उशीर झालेला असतो. एक कथा एका वेळी एकाच अंकाला. ‘साभार परत’ आली तर गटात पुन्हा वाचून दुसरीकडे.

स्पर्धाही सोडू नका. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. नाव न बघता कथा वाचली जाणं ही सोय नवख्याला जितकी लाभते तितकी कोणालाच नाही.

प्रकाशक आणि करार

प्रकाशकाला एक पानाचा सारांश आणि पहिली तीन प्रकरणं पाठवा. सारांशात खुनी कोण ते स्पष्ट लिहा. उत्सुकता ताणून ‘पुढे काय होतं ते कादंबरीत वाचा’ असं लिहिलेला सारांश संपादकाच्या कामाचा नसतो. उत्तराला काही महिने लागतात.

होकार आला तर करार लेखी हवा. मानधन छापील किमतीच्या किती टक्के, किती प्रतींची आवृत्ती, हिशेब वर्षातून केव्हा, हे त्यात असावं. दहा ते पंधरा टक्के हा नेहमीचा पल्ला. ई-बुक, श्राव्य पुस्तक, अनुवाद, चित्रपट हे हक्क वेगवेगळे लिहून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दिल्याची मुदत करारात नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. तुमचा कॉपीराइट लिहिल्याक्षणी तयार होतो; नोंदणी सक्तीची नाही. प्रकाशक छपाईसाठी तुमच्याकडेच पैसे मागत असेल तर ते स्वखर्चाने केलेलं प्रकाशन आहे, हे मनाशी स्पष्ट ठेवा आणि छपाईचं बिल, प्रतींची संख्या, विक्रीची जबाबदारी लेखी मागा. स्वतः प्रकाशित करायचं असेल तर पुस्तकाच्या ओळखीचा आयएसबीएन क्रमांक दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, त्यासाठी कोणाला हजारो रुपये देऊ नका.

श्राव्य आवृत्तीचा विचार लिहितानाच करा. ऐकणारा माणूस मागचं पान चाळत नाही आणि त्याला नकाशा, हस्ताक्षर, तक्ता दिसत नाही. तुमचा मुख्य धागा डोळ्यांनीच कळणारा असेल तर श्रोत्याला तो मिळणारच नाही. टेम्पोवाल्याची कुरकुर मात्र कानावर अधिकच चांगली पडते.

छापील प्रत हाती येण्याआधी मनोगत लिहिताना गटातल्या सगळ्यांचे आभार नावानिशी माना. कोणी कोणत्या पानावर काय ओळखलं हे मात्र तिथे लिहू नका. पुष्कळ वाचक मनोगत कादंबरीच्या आधी वाचतात.